तरण्या वयातली रक्ताची गुठळी : साडेसातशे वर्षांची गोष्ट



गटाच्या बैठकीत रक्ताचा विषय निघाला की आपण बोलतो ते रक्त कमी असण्याबद्दल. हिमोग्लोबिन किती भरलं, लोहाच्या गोळ्या घेतल्या का, पालेभाजी खाते का. आज मी बोलणार आहे ते नको त्या जागी रक्त गोठण्याबद्दल.

ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर पायातल्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पण तिचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर वर जातो आणि फुप्फुसात अडकतो. मग चांगली हिंडती-फिरती बाई काही मिनिटांत जाऊ शकते. लोक म्हणतात हार्ट अटॅक आला, कुणी म्हणतं नजर लागली. आणि तरुण असेल तर सगळेच म्हणतात, "या वयात असं कसं झालं?"

या वयातही असं होतं, हे माणसाला कळायला फार वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगते. ती ऐकली की आपल्या दवाखान्यातली नर्सताई दुसऱ्याच दिवशी "उठा, चाला" म्हणून मागे का लागते, तेही कळेल.

या आजाराची एक फार जुनी नोंद आहे १२७१ सालची, फ्रान्समधली. रुग्ण म्हातारा नव्हता. राऊल नावाचा वीस वर्षांचा चांभारकाम करणारा तरुण होता. त्याचा एकच पाय आधी घोट्यापाशी आणि पोटरीत सुजला, मग सूज मांडीपर्यंत चढली. वैद्यांचा उपाय चालेना, तेव्हा तो राजा संत लुई यांच्या समाधीवर गेला. त्याला बरं वाटलं, असं तिथल्या चमत्कारांच्या पोथीत लिहून ठेवलंय. आजचे डॉक्टर ती नोंद वाचून म्हणतात की ही पायाच्या शिरेतली गुठळी असावी. म्हणजे या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच एका तरुणापासून होते.

पुढची काही शतकं हा आजार जास्त दिसला तो बाळंतिणींमध्ये. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांनी एक पाय सुजायचा, ताठ व्हायचा, पांढराफटक दिसायचा. युरोपातल्या वैद्यांना वाटायचं, अंगावरचं दूध उतरून पायात साचलंय. म्हणून त्याला नावच पडलं 'दुधाचा पाय'. आपल्याला आज हसू येईल. पण त्यांना दिसत होतं ते खरंच होतं. बाळंतीण, पांढरा सुजलेला पाय आणि नुकतंच आलेलं दूध. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून त्यांनी नातं जोडलं. या समजुतीतून एक चांगली गोष्ट झाली. दूध साचू नये म्हणून आईने बाळाला अंगावर पाजावं, असा आग्रह सुरू झाला.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला चार्ल्स व्हाइट नावाचे डॉक्टर होते. १७७३ मध्ये त्यांनी गरोदर आणि बाळंत बायकांच्या काळजीवर पुस्तक लिहिलं. तेव्हा तिकडेही बाळंतिणीला खिडक्या-दारं बंद करून, शेगडी पेटवून, पांघरुणात गुंडाळून ठेवत. व्हाइट म्हणाले, खोलीत वारा येऊ द्या, बाईला लवकर उठवून बसवा, बिछान्याबाहेर येऊ द्या. १७८४ मध्ये त्यांनी या पांढऱ्या पायावरही लिहिलं. कारण त्यांना नीट सापडलं नाही, पण दुधाची गोष्ट मात्र त्यांनी मानली नाही. १८२३ मध्ये लंडनच्या डेव्हिड डेव्हिस यांनी अशा आजाराने गेलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनातून दाखवून दिलं की बिघाड आतल्या मोठ्या शिरांमध्ये आहे.

मग आले जर्मनीतले रुडॉल्फ फिरखो. १८४६ मध्ये ते पंचविशीचे होते. फुप्फुसात सापडलेली गुठळी तिथेच तयार झाली, असं तोवर बरेच जण मानत. फिरखोंनी दाखवलं की ती पायासारख्या दूरच्या शिरेत तयार होते, तुटते आणि वाहत येते. गुठळी का होते, याची तीन कारणं आज सगळ्या डॉक्टरांना त्यांच्याच नावाने शिकवतात.

ती तीन कारणं आपल्या शेतातल्या पाटावरून समजून घेऊ. पाटाचं पाणी संथ झालं की गाळ बसतो. पाटाचा काठ ढासळला की तिथे काडीकचरा अडकतो. आणि पाणीच गढूळ असलं की गाळ लवकर साचतो. शिरेचंही तसंच. बाई पडून राहिली की पायातलं रक्त संथ होतं. ऑपरेशनात किंवा अपघातात शिरेच्या भिंतीला इजा होऊ शकते. आणि गरोदरपणात, बाळंतपणात, ऑपरेशननंतर रक्ताचा स्वभावच जास्त गोठण्याकडे झुकतो. हे शरीर आपल्या भल्यासाठीच करतं, कारण बाळंतपणात आणि जखमेतून रक्त फार जाऊ नये. पण तीच सोय कधी उलटते.

आता बघा, सिझर झालेल्या बाईच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकाच वेळी येतात. ती पंचविशीची असली तरी येतात.

कारण कळलं, तरी उपाय लगेच आला नाही. भूल द्यायची सोय झाल्यावर १८४६ नंतर ऑपरेशनं वाढली. ऑपरेशन झालं की रोग्याने आठवडा-दोन आठवडे गुपचूप पडून राहायचं, हीच रीत होती. बाळंतिणीलाही तसंच. विश्रांती म्हणजेच औषध, असं सगळे मानत. १८९९ मध्ये शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी लिहिलं की ऑपरेशन झालेल्या बायकांना आपण एक-दोन दिवसांत उठवतो आणि त्या लवकर बऱ्या होतात. फारसं कुणी ऐकलं नाही. टाके उसवतील, अशी भीती होती. आपल्याकडेही आज घरोघरी हीच भीती आहे.

डोळे उघडले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. लोक तळघरांत आणि निवाऱ्यांत रात्र काढायचे, बरेच जण कापडी घडीच्या खुर्च्यांत बसून. त्या खुर्चीची पुढची लाकडी पट्टी गुडघ्यामागे दाबायची. डॉक्टर कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आलं की बॉम्ब न लागताच माणसं मरताहेत आणि त्यांच्या फुप्फुसात गुठळ्या सापडताहेत. त्यांनी त्याच वर्षी हे छापलं. नुसतं तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने जीव जाऊ शकतो, हे जगाला कळलं. पुढे निवाऱ्यांत झोपायला फळ्यांचे बाक आले.

त्याच काळात दवाखान्यांत खाटा कमी आणि जखमी जास्त. रोग्यांना लवकर उठवावंच लागलं. टाके काही उसवले नाहीत. अमेरिकेत डॅनियल लाइटहॉजर यांनी ऑपरेशननंतर लवकर चालवण्यावर १९४६ मध्ये पुस्तकच लिहिलं. १९४७ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ॲशर यांनी लेख लिहिला, त्याचं नावच होतं 'अंथरुणाला खिळण्याचे धोके'. शेकडो वर्षांची रीत पाच-सात वर्षांत बदलली.

दुसरीकडे औषधाचा शोध चालू होता. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याच्या हाती लागलं उलटंच, रक्त गोठू न देणारं द्रव्य. त्यातून पुढे हेपॅरिन आलं. माणसाला सुरक्षितपणे टोचता येईल इतकं शुद्ध हेपॅरिन मिळायला १९३५-३७ साल उजाडलं.

दुसरं औषध आलं गोठ्यातून. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेत गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कॅनडाचे पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी शोधलं की ओलीने बुरशी चढलेला गोड क्लोव्हर नावाचा वाळला चारा खाल्ल्याने हे होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत, भर बर्फात, विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या किटलीत न गोठलेलं रक्त आणि तो चारा गाडीत घालून विद्यापीठात घेऊन आला. तिथले कार्ल लिंक आणि त्यांचे सहकारी सहा-सात वर्षं त्या चाऱ्याच्या मागे लागले. चाऱ्यातलं ते द्रव्य त्यांना सापडलं. पुढे त्याच जातीतलं वॉरफॅरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकलं जाऊ लागलं, आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून. आज कितीतरी जणांना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून तेच मिळतं. आपली कालवड का मेली, हा प्रश्न एका शेतकऱ्याने सोडला नाही, त्याचं हे फळ.

आता एका भारतीय नावाकडे येऊ. विजय कक्कर हे मूळचे भारतीय सर्जन लंडनला किंग्ज कॉलेज रुग्णालयात काम करत. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या १३२ रोग्यांचे पाय खास तपासणीने रोज पाहिले. ४० जणांच्या पायात गुठळी झाली होती. कित्येकदा ती वरून दिसत नाही, दुखत नाही, हे या तपासणीने कळलं. १९७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून मोठा अभ्यास झाला. चार हजारांवर रोगी होते. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हेपॅरिनचे छोटे डोस दिले, निम्म्यांना नाही. न दिलेल्यांपैकी १६ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले, दिलेल्यांपैकी २. तेव्हापासून मोठ्या ऑपरेशनला पोटात टोचायचं ते छोटं इंजेक्शन रुळलं.

पण या अभ्यासातले सगळे रोगी चाळिशीच्या पुढचे होते. त्यात चूक काही नाही. वय वाढतं तसा धोका वाढतो, हे खरंच आहे. म्हणून अभ्यासही त्यांचाच आधी झाला. पण त्यातून लोकांच्या मनात एक समज बसला, की हा म्हाताऱ्यांचा आजार. तरुण माणसाला धोका कमी असतो, पण धोकाच नसतो असं नाही. आणि कुणाच्या मनातच येत नसल्याने तो ओळखायला उशीर होतो.

तरुण बायकांच्या बाबतीत हे सगळ्यात आधी उघड झालं ते गर्भनिरोधक गोळीमुळे. १९६० मध्ये अमेरिकेत पहिली गोळी आली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका गावच्या डॉक्टरने कळवलं की ही गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळ्या झाल्या. मग अशा बातम्या येत गेल्या, आणि १९६८ पर्यंत अभ्यासांनी संबंध सिद्ध केला. १९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार बाईने यावर पुस्तक लिहिलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. साक्षीला बरेच डॉक्टर होते, पण ज्या बाईने गोळी खाल्ली अशी एकही नव्हती. तेव्हा ॲलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उभ्या राहिल्या. आम्हाला का विचारत नाही, आम्हाला धोका का सांगितला नाही, असा सवाल त्यांनी भर सभेत केला. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्यांची चिठ्ठी घालणं बंधनकारक झालं.

औषधही सुधारलं. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन जातीचं द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनमध्ये ते ३० आहे. धोका पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून गोळी घाबरून सोडू नका. मात्र ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगा की मी ही गोळी घेते. सणासाठी, पूजेसाठी, वारीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तीही सांगा. मेडिकलमधून परस्पर घेतली असेल तर लाजू नका, सांगा.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे तरुण बाई ऑपरेशनच्या टेबलावर कमी जात नाही. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, सिझर, अपेंडिक्स, गर्भाशयाची पिशवी काढणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं तर सगळ्या राज्याने ऐकलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशीतल्या कितीतरी होत्या. ती ऑपरेशनं गरजेची होती का, हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर आपण वेगळं बोलू. आज एवढंच म्हणते, की प्रत्येक ऑपरेशनबरोबर गुठळीचा धोका येतो. म्हणून गरज नसलेलं ऑपरेशन टाळणं, हाही गुठळी टाळण्याचाच एक उपाय आहे.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. कित्येक घरांत अजून बाळंतिणीला पाणी मोजून देतात. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल म्हणतात. खोली बंद, शेक-शेगडी, घाम, वरून पाणी कमी आणि दिवसभर बाजेवर. १९८३ मध्ये तामिळनाडूतले मेंदूचे डॉक्टर के. श्रीनिवासन यांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ बायकांची माहिती छापली. आपल्या देशात तरुण बायकांना पक्षाघात होण्याचं हे एक मोठं कारण आहे. अंगातलं पाणी कमी होणं हे त्याचं एक कारण मानतात. आपल्या आज्या-सासवांनी हे वाईट हेतूने केलं नाही. त्यांना जे जपायचं होतं ते बाळंतिणीलाच जपायचं होतं. मँचेस्टरच्या बायकाही तेच करत होत्या. पण आता आपल्याला जास्त माहीत आहे. डिंकाचे लाडू राहू द्या, अळिवाची खीर राहू द्या, विश्रांतीही राहू द्या. फक्त पाणी तहानेप्रमाणे पोटभर द्या आणि बाईला घरातल्या घरात चालू द्या.

आमच्याकडच्या एका गटातल्या ताईंची सून सिझर होऊन घरी आली होती. वय बावीस. नवव्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली, पाय सुजला. घरच्यांना वाटलं लचक भरली. तेल कोमट करून चोळायला बसणार, एवढ्यात आशाताई भेटीला आल्या. त्यांनी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, हात लावून पाहिला. एक पाय जाड आणि गरम. "चोळू नका, आत्ता निघा," म्हणाल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी पायाची सोनोग्राफी झाली, गुठळी निघाली. इंजेक्शनं, मग काही महिने गोळ्या. आज तिचं बाळ चालायला लागलंय. सासूबाई प्रत्येक बैठकीत सांगतात, "तरणी पोर, तिला काय होणार, असं आता मी म्हणत नाही."

ऑपरेशन सुखरूप झालं की आपण देवाला नारळ फोडतो आणि निश्चिंत होतो. पण धोका दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर संपत नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या साडेनऊ लाख मध्यमवयीन बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की ऑपरेशननंतर बारा आठवड्यांपर्यंत गुठळीचा धोका नेहमीपेक्षा जास्त राहतो. बाळंतपणानंतर सहा आठवडे विशेष जपायचे. आपला सव्वा महिना म्हणजे जवळपास तेवढाच.

तर मैत्रिणींनो, बैठकीच्या वहीत हे लिहून ठेवा.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगायचं : घरात कुणाला अशी गुठळी झाली होती का, हा आजार काही घराण्यांत चालत येतो. आपल्याला आधी झाली होती का. कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि विचारायचं : मला गुठळीचा धोका किती, त्यासाठी काय करणार? इंजेक्शन प्रत्येकीला लागत नाही. त्याने रक्तस्रावाचाही धोका असतो, म्हणून ते डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचा हक्क आपला आहे.

ऑपरेशननंतर : डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर उठायचं, आधार घेऊन चालायचं. पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली हलवायचे. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पाणी भरपूर प्यायचं. जीपने, एसटीने लांबचा प्रवास करायचा असेल तर मध्ये उतरून चार पावलं टाकायची.

धोक्याच्या खुणा : एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं, पाय गरम किंवा लालसर-काळसर होणं. एकाएकी धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं. बाळंतिणीचं न थांबणारं डोकं दुखणं, झटके, अंधारी, एका बाजूची ताकद जाणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सांगायचं, "अमुक दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय." सुजलेला पाय चोळायचा नाही.

वीस वर्षांच्या राऊलला समाधीवर जाण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आपल्या सुनेला, लेकीला आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढून हे वाचून दाखवा. ज्यांच्या घरी या महिन्यात बाळंतपण किंवा ऑपरेशन आहे, त्यांच्या सासूबाईंनाही बोलवा.

पुन्हा भेटू. काळजी घ्या. नमस्कार.